द्राक्षमळ्यातल्या मजुरांपर्यंत फ्लूची लस न्यायची आहे, अनुभव सांगाल का? (फ्रेस्नो, कॅलिफोर्निया)

बेदाणा | १४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. मी तासगावची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. नऊ वर्षं झाली, फ्रेस्नोच्या दक्षिणेला सेल्माच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. इथेही बेदाणाच. आपल्याकडे तो शेडमध्ये रॅकवर सुकतो, इथे वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून. घड तोडणारे जवळजवळ सगळे मेक्सिकोतले, त्यातही बरेचसे वाहाका राज्यातले.

गेल्या आठवड्यात आम्ही फ्लूची लस मोफत ठेवली. सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार. स्पॅनिशमध्ये पत्रकं छापून दुकानादुकानांत ठेवली. पाच दिवसांत एकोणीस माणसं आली. बैठकीत सगळे म्हणाले, या लोकांचा लशीवर विश्वासच नाही.

मला हे अजिबात पटलेलं नाही. याच घरांतल्या आया मुलांची मेक्सिकोतली लसीकरणाची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून आणतात. परवा एका आजींनी बाही वर केली, तर उजव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, व्रण. मी माझा डाव्या दंडावरचा दाखवला. इथे जन्मलेल्या माझ्या सहकारी नर्सना तो नाही, अमेरिकेत ती लस सरसकट देत नाहीत. आजींनी माझ्या व्रणावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझीही आई तुला घेऊन गेली होती." मग विश्वास नाही असं मी कसं मानू?

लहान मुलांचं तितकं अडत नाही. १९८९ ते ९१ च्या गोवराच्या साथीत या देशात ५५ हजारांवर रुग्ण झाले, त्यात लस न मिळालेली गरीब घरांतली मुलं फार होती. त्यानंतर १९९४ पासून विमा नसलेल्या मुलांना लस मोफत मिळते. मोठ्यांसाठी तशी भक्कम सोय कुणी केली नाही. त्यात या जानेवारीत, दवाखाने, शाळा आणि चर्चमध्ये इमिग्रेशनच्या कारवाया टाळायच्या हा जुना नियम सरकारने मागे घेतला. आता अंगणात अनोळखी गाडी दिसली तरी माणसं परत फिरतात. एक गृहस्थ टेबलापर्यंत आले, फॉर्मवर पत्त्याचा रकाना बघितला आणि नम्रपणे पेन खाली ठेवून गेले.

दोनशे डोस शीतपेटीत आहेत. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

चोवीसवा_रस्ता | १४ ऑक्टोबर

ताई, २०२१ मध्ये मी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात, चोवीसवा रस्ता आणि कॅप स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या लसकेंद्रावर स्वयंसेवक होतो. तिथली लॅटिनो टास्क फोर्स, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची संघटना, आणि यूसीएसएफ या तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाचे डॉक्टर मिळून 'युनिदोस एन सालूद' नावाने ते चालवायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी त्याच भागात कोविडच्या चाचण्या केल्या होत्या. बाधितांपैकी ९५ टक्के लॅटिनो निघाले, आणि ९० टक्के बाधितांना घरून काम करणं शक्य नव्हतं. म्हणून केंद्र त्यांच्या वाटेवरच ठेवलं, उघड्यावर, बार्ट या शहरी रेल्वेच्या स्टेशनजवळ. ऑनलाइन नोंदणी जमत नसेल त्यांना तिथेच नोंदवून घ्यायचो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या प्रश्नाचा. लस टोचल्यावर पंधरा मिनिटं बसावं लागतं ना, तेव्हा विचारायचं की घरात, कामावर अजून कोण राहिलंय? लोक तिथूनच फोन लावायचे. 'मी घेतली, मला काही झालं नाही, ये' हे भावाच्या तोंडून ऐकलेलं डॉक्टरच्या भाषणापेक्षा खूप पुढे जातं.

आणि दहा ते चार? त्या वेळात तुमची माणसं मळ्यात असतात हो.

फडावरची_ताई | १५ ऑक्टोबर

मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या की पोरांचे डोस हुकतात. आम्ही आदल्या दिवशी मुकादमाला भेटून अंधारातच कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जायचो. पण बाळ, एक जपून कर. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. त्याच्यासमोर बाई 'नको' म्हणत नाही, ताप आला तरी सांगत नाही. तुमच्याकडे मुकादमासारखा जो कोणी असेल त्याला फक्त जागा आणि वेळ विचार. बोलावणं बाईनंच बाईला करावं.

दक्षिण_किनारा | १५ ऑक्टोबर

पत्रकं स्पॅनिशमध्ये काढली तिथेच थोडं चुकलं. वाहाकाच्या पुष्कळ लोकांची घरातली भाषा मिश्तेको, सापोतेको किंवा त्रिकी असते. मिश्तेकोत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि गावागणिक ती वेगळी. छापून उपयोग नाही, आवाज हवा. आमच्या ऑक्सनार्डला रेडिओ इंदिहेना याच भाषांत चालतो. तुमच्या फ्रेस्नोत १९८० पासून रेडिओ बिलिंग्वे आहे, शिवाय वाहाकाच्या मूळनिवासींची सेंत्रो बिनासियोनाल ही संस्था आहे, तिला गाठा. मेक्सिकन वकिलातीत 'व्हेंतानिया दे सालूद' म्हणजे आरोग्याची खिडकी असते. पासपोर्टच्या कामाला लोक तिथे जातातच, ती जागा त्यांना आपली वाटते.

बेदाणा | १० नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताईंचे. काय झालं ते सांगते.

फॉर्ममधला विम्याचा रकाना काढून टाकायला आणि पत्ता ऐच्छिक करायला वरिष्ठ तयार झाले, दोन बैठका लागल्या. आमच्याकडे बाळंतपणापासून येणाऱ्या एक बाई आहेत, पूर्वी द्राक्षं तोडायच्या, आता शनिवारी रेमातेत, म्हणजे इथल्या आठवडी बाजारात, तमाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ) विकतात. मिश्तेको त्यांची मातृभाषा. त्यांनी चाळीस सेकंदांचा निरोप व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात भरला. मी लिहून दिलेला मजकूर त्यांनी बाजूला ठेवला आणि सांगितलं, "माझ्या पातेल्याशेजारी बसणार आहेत, कागद मागत नाहीत, मी घेतली आहे." या कामाचे पैसे दवाखान्याने त्यांना द्यावेत हा आग्रह मी धरला, आणि ते मिळाले.

परवा शनिवारी सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत चौसष्ट जणांनी लस घेतली. बहुतेकांचा प्रश्न एकच, हात किती दुखेल? संत्र्यांची तोडणी सुरू आहे, दिवसभर कात्री चालवायची असते. आम्ही कात्री न धरणाऱ्या हातावर टोचली. रविवार सुट्टीचा, तेवढा आराम मिळाला. पंधरा मिनिटांचा प्रश्नही विचारला, चोवीसवा_रस्ता. एक तरुण उठून गेला आणि गाडीत बसलेल्या वडिलांना हाताला धरून घेऊन आला.

गावाबाहेर ट्रेलरची एक वस्ती आहे, तिथे मात्र कुणी दार उघडलं नाही. ती कुटुंबं त्रिकी बोलतात, आमच्या बाईंना त्रिकी येत नाही. सेंत्रो बिनासियोनालला फोन केला आहे, उत्तराची वाट बघते आहे.

अजून एक विचारायचं होतं. १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेचा, सण. पहाटेच्या अंधारात सगळी वस्ती गाणी म्हणायला चर्चमध्ये जमते. पाद्री टेबल मांडा म्हणतात. पण पांढऱ्या डगल्यातली माणसं दारात दिसली म्हणून कुणी देवीच्या दर्शनालाच आलं नाही तर? मला वाटतं साध्या कपड्यांत मागच्या स्वयंपाकघरात, चांपुर्रादो (मका आणि चॉकलेटचं गरम पेय) वाटतात तिथे बसावं. कुणी असं केलं असेल तर लिहा. आणि त्रिकी बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर लवकर कळवा.