क्रॉसबो म्हणजे 'चीटिंग'? मग तुमच्या कप्प्या काय आहेत?

सस्क्वेहानाकाठी (१२ ऑक्टोबर २०२२)

परवा अमेरिकेतल्या शिकारीच्या धाग्यावर रिकर्व्हवाला यांनी एका ओळीत निकाल लावून टाकला : "क्रॉसबो हे म्हाताऱ्यांचं आणि आळशांचं खेळणं, बो सीझनमध्ये त्याला जागा नको." (नवख्यांसाठी : क्रॉसबो म्हणजे दस्ता आणि घोडा असलेलं आडवं धनुष्य, दोरी ओढून अडकवायची आणि घोडा दाबून बाण सोडायचा; बो सीझन म्हणजे फक्त धनुष्याने शिकार करायचे दिवस.) तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण राग आवरेना आणि मजकूरही. म्हणून हा वेगळा धागा.

म्हातारा आहेच मी, एकसष्टचा. आळशी म्हणत असाल तर एकदा माझ्याबरोबर या. पहाटे साडेचारला उठायचं, बिनवासाच्या साबणाने अंघोळ करायची, अंधारात अठरा फूट चढून कंबरेचा पट्टा झाडाला अडकवायचा आणि नाक गळत असलं तरी हात हलवायचा नाही. बारा वर्षं कंपाउंड बो (टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य) वापरला. २०१९ मध्ये उजव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटला, ऑपरेशन झालं. आता त्या हाताने वरच्या फळीवरचा डबा निघतो, पन्नास पौंडांची दोरी ओढली जात नाही.

राहतो न्यूयॉर्क राज्यात, बिंगहॅम्टनजवळ. यंदा आमच्याकडे बो सीझन १ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर. क्रॉसबो मात्र फक्त शेवटचे चौदा दिवस, ५ नोव्हेंबरपासून. वीस मिनिटं गाडी हाणली की पेनसिल्व्हेनिया लागतं, तिथे २००९ पासून अख्खा आर्चरी सीझन क्रॉसबो चालतो. ओहायोत तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. तीच टेकडी, तीच हरणं, पण मी बाहेरच्याचा परवाना काढून शंभरावर डॉलर मोजायचे.

खरी गंमत अंतराची. लोकांच्या घरांपासून धनुष्य किमान १५० फूट लांब चालवायचं, क्रॉसबो २५०. का? दोघेही झाडावर बसून वीस-तीस यार्डांवर खालीच सोडतात. आणि न्यूयॉर्क शहराजवळचे वेस्टचेस्टर, लाँग आयलंड, जिथे हरणं माणसांच्या ओट्यावर येऊन रवंथ करतात, तिथे क्रॉसबोला पूर्ण मनाई! हे नियम हरणांसाठी आहेत की एका कंपूच्या हौसेसाठी?

रिकर्व्हवाला

काका, 'म्हातारा' तुम्हाला उद्देशून नव्हतं, तेवढा शब्द मागे घेतो. बाकी एकही नाही.

मी विस्कॉन्सिनचा. इथे २०१४ मध्ये क्रॉसबो सगळ्यांना खुला केला. काही वर्षांतच क्रॉसबोवाल्यांची हरणं धनुष्यवाल्यांपेक्षा जास्त झाली. मी फेब्रुवारीपासून तळघरात रोज चाळीस बाण सोडतो, वॉशिंग मशिनला दोन पोचे आहेत त्याचे. क्रॉसबोवाला गडी शुक्रवारी तो दुकानातून आणतो, शनिवारी स्कोप (नेमाची दुर्बीण) जुळवतो, रविवारी जंगलात हजर.

मग काय होतं ते ऐका. गेल्या नोव्हेंबरात माझ्या झाडावरच्या स्टँडखाली एक मादी आली, तीन पायांवर. मागच्या मांडीत बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण), त्याची हिरवी पिसं अजून शाबूत. स्कोप आहे म्हणून कुणीतरी साठ यार्डांवरून हाणलेला. मी तिला मारून मोकळं केलं, माझा टॅग (एका हरणाचा परवाना) गेला. ती मांडी कापली तर आत पू. अख्खी फेकली. त्या वासानंतर 'क्रॉसबो सोपा आहे' हे वाक्य मला कौतुकाचं वाटत नाही.

सस्क्वेहानाकाठी

वाईट वाटलं, खरंच. पण बाण रुतलेली दोन हरणं मीही पाहिलीत, म्हणून धनुष्यं बंद करायची का? साठ यार्डांवरून सोडणारा मूर्ख हातात काहीही दिलं तरी मूर्खच.

तुम्ही रिकर्व्ह, म्हणजे बिनकप्प्यांचं साधं धनुष्य वापरता, तुम्हाला बोलायचा अधिकार आहे. पण तुमच्या बाजूने गळा काढणाऱ्यांत रिकर्व्हवाले कितीसे? बाकीच्यांच्या हातात कंपाउंड. दोन टोकांना कप्प्या, दोरीत नेम धरायची पीप साइट, मनगटाला बांधलेला ट्रिगर. साठ पौंड ओढले की ऐंशी टक्के भार कप्प्या घेतात, बोटांवर उरतात बारा पौंड. ती परंपरा आणि माझं ते चीटिंग? परंपराच हवी तर एकलव्याची घ्या, अंगठ्यासकट.

आणि क्रॉसबो म्हणजे काही बंदूक नव्हे. एकदा सुटला की पुन्हा पाय रोवून दोरी चढवा, तोवर हरीण पुढच्या ओढ्यापार. संध्याकाळी रिकाम्या हाताने उतरताना चढवलेला सोडवायला एक जुना, बोथट बोल्ट जमिनीत मारावा लागतो. माझ्या त्या बोल्टने या वर्षी भरपूर माती मारली आहे.

शब्दकिडा

क्रॉसबोबंदी नवी नाही. ११३९ च्या लॅटरन परिषदेत चर्चने ख्रिश्चनांविरुद्ध तो वापरायला मनाई केली होती. चार दिवसांत शिकलेला पायदळी माणूस घोड्यावरच्या सरदाराला लोळवतो, हे दुखणं रिकर्व्हवाल्यांच्या दुखण्याशी जुळतं. साठ वर्षांनी इंग्लंडचा पहिला रिचर्ड क्रॉसबोच्याच बाणाने मेला. जाता जाता : बाण 'हाणत' नाहीत, 'सोडतात'.

निरामिष

इकडे पुण्यात बसून वाचूनही मळमळलं. यंत्र कुठलं यावर एवढा खल, ज्याच्यावर चालवायचं त्याचं काय? पांडूने मैथुनात रमलेल्या हरणाला बाण मारला आणि किंदम ऋषींचा शाप घेतला. इथे नर माजावर असताना बेसावध असतो, म्हणून मुद्दाम तेव्हाच सीझन! तुमच्या गावात डाळ मिळत नाही का?

हरभरा_यवतमाळ

ताई, मळमळ कराची असन तं आमच्या वावरात या. मागच्या साली दोन एकर हरभरा, घाटे भरत आले होते. एका रात्री रोह्यांचा (नीलगायींचा) कळप शिरला. सकाळी पाह्यतो तं जनावरं लोळल्याच्या गोल गोल जागा आन चघळून टाकलेली झाडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी मचाणावर झोपतो. हातात टॉर्च आन वाजवाले तेलाचा डबा. काका झाडावर हौसेनं बसतात, मी मजबुरीनं.

२०१५ पासून कागदावर रोही-रानडुक्कर माराची परवानगी मिळू शकते. मारू कशानं, डब्यानं? भरपाईले सातबारा जोडा, फोटो जोडा, चकरा मारा. आली ते बियाण्याचीबी भरपाई नाही. शेजारच्या गावात एकानं कुंपणात करंट सोडला, त्याचाच सालगडी गेला.

काका, ते क्रॉसबो केवढ्याले येते?

निरामिष

विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत जाल. २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याला दोनशेहून जास्त नीलगायी गोळ्या घालून मारल्या, तेव्हा मनेका गांधींनी आपल्याच सरकारच्या पर्यावरणमंत्र्यांना खडसावलं होतं. सौर कुंपण लावा ना.

हरभरा_यवतमाळ

लावलं होतं. बॅटरी चोरीले गेली. आन पुण्याच्या लोकायनं जनावराचं प्रेम आमाले शिकवू नये. २०२० मधे तुमच्या कोथरूडात एक गवा आला, तं अख्खं शहर मोबाइल घेऊन मागं धावलं, जीव गेला बिचाऱ्याचा.

ठासणीची_बंदूक

यवतमाळकरांना शंभर टक्के अनुमोदन. राजापूरकडे आमच्या वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक होती. मारायला कमी, बार काढून माकडं पळवायलाच जास्त. निवडणूक आली की ती जमा करायची. लोकसभा आली, जमा. विधानसभा आली, जमा. माकडांना आचारसंहिता लागू नाही. ऐन आंब्याच्या दिवसांत बंदूक चौकीत आणि माकडं कलमांवर, एकेक चावा घेऊन खाली फेकतायत. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर करायला चार वर्षं हेलपाटे घातले.

निरामिष

म्हणजे माकडंही मारायची आता?

ठासणीची_बंदूक

बार 'काढायचा' म्हटलंय. चष्मा पुसा.

सस्क्वेहानाकाठी

मंडळी, धागा क्रॉसबोवर आहे!

हरभरा_यवतमाळ

मंग आमी कायच्यावर बोलून राह्यलो? किंमत तं विचारली.

अंगणातली_तुळस

मी वेस्टचेस्टरची. कुणीतरी लाइमचा (गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या आजाराचा) मुद्दा आणणारच, म्हणून आधीच सांगते. माझ्या नवऱ्याला दोनदा लाइम झाला आहे, त्यामुळे वाचन पक्कं आहे. गोचिडीला जंतू मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायाच्या उंदरांकडून, हरीण फक्त मोठ्या गोचिडीचं पोट भरतं. लाइमच्या नावावर क्रॉसबो खपवू नका.

हरणांचा पुळका मला नाही, सतरा होस्टा लावले होते, देठ उरलेत. पण दोन वर्षांमागे शेजाऱ्यांनी एका धनुष्यवाल्याला झाडावर बसवलं. सगळं नियमात. बाण लागलेलं हरीण धावत आलं आणि आमच्या मागच्या ओट्याच्या पायऱ्यांशी पडलं. मुलगी नऊ वर्षांची, शाळेची बस यायची वेळ. त्याचे पाय किती वेळ हलत होते ते ती अजून सांगते. तुमचे १५० आणि २५० फूट माझ्या ओट्यावर मोजून दाखवा.

सस्क्वेहानाकाठी

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. छातीत बरोबर बसलेला बाणही हरणाला शंभरेक यार्ड पळू देतो, हे माहीत असून मी वर फुटांचा हिशेब सांगत बसलो. तुमच्या गल्लीपुरता २५० चा मुद्दा मागे. पण तो धनुष्यवाला होता एवढं नोंदवून ठेवतो.

रिकर्व्हवाला

ठेवा नोंदवून, काका. चला, अर्धं पाऊल मीही येतो. आमच्याकडे २०१४ च्या आधीही ६५ वरच्यांना आणि हातापायाने अधूंना क्रॉसबो चालत होता, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. तुमच्यासारख्या खांदेफाट्यांना पूर्ण सीझन द्या. तिशीतल्या धडधाकटाला नको.

सस्क्वेहानाकाठी

म्हणजे मला वेगळ्या रांगेत उभं करून मेहेरबानी. मागत होतो हक्क, पण घेतो. ५ नोव्हेंबरला अजून तीन आठवडे आहेत, तोवर मुकाट बसायला काहीतरी हवंच.

हरभराभाऊ, किंमत तीनशे डॉलरपासून पुढे. पण दोन-अडीच क्विंटलच्या रोह्यासमोर त्यावर विसंबू नका, आणि कायदा निरामिष म्हणतात तसाच आहे. एक गोष्ट मात्र सांगतो, चिडू नका. दक्षिण टेक्ससमध्ये रोही आहेत, शंभरेक वर्षांपूर्वी एका मोठ्या रँचवर आणून सोडले, आता माजलेत. तिथे बारा महिने शिकार चालते आणि एकेका रोह्यासाठी लोक हजार डॉलरच्या वर मोजतात.

हरभरा_यवतमाळ

एका रोह्याचे हजार डॉलर?

म्हणजे ऐंशी हजार. माहा दोन एकराचा हरभरा तेवढ्याचा होत नाही. त्यायले माहा पत्ता द्या काका. मचाण बांधेल हाय, चहाबी देतो.