'लोकस सेरुलियस'ला मराठीत काय म्हणावे?

सांजवात: कंपवाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या एका पुस्तिकेचा मी अनुवाद करीत आहे. हातांचा कंप दिसू लागण्याच्या बऱ्याच आधीपासून झोपेच्या तक्रारी का सुरू होतात, हे सांगताना मस्तिष्कस्तंभातील 'लोकस सेरुलियस' या केंद्राचा उल्लेख येतो. मी 'नीलस्थान' असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'नील केंद्रक' केले. योग्य काय?

कोशकीटक: 'नीलस्थान'च. लॅटिनमध्ये 'लोकस' म्हणजे जागा आणि 'सेरुलियस' म्हणजे आभाळी निळा. हे नाव व्हेन्झेल बंधूंनी 1812 मध्ये रूढ केले. शाळेत पेशीचे केंद्रक शिकलेल्या वाचकाला हजारो पेशींच्या पुंजक्यालाही 'केंद्रक' म्हटलेले वाचून घोटाळाच होईल.

अस्थिपंजर: मी शरीररचनाशास्त्र शिकवले आहे, म्हणून रंगाविषयी लिहितो. सेतूचा, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागाचा, आडवा छेद घेतला की चौथ्या विवराच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) तळाशी दोन्ही बाजूंना एकेक राखट निळसर ठिपका दिसतो. मात्र त्यातले रंगद्रव्य, न्यूरोमेलॅनिन, स्वतः काळपट तपकिरी असते. काजळीचे गोंदण कातडीखाली हिरवे-निळे दिसते, तसाच हा प्रकार. शिवाय कंपवातात मस्तिष्कस्तंभाच्याच वरच्या भागातील कृष्णद्रव्याबरोबर ('सब्स्टॅन्शिया नायग्रा' या काळपट पट्ट्याबरोबर) हा ठिपकाही फिकटतो, तर अल्झायमरमध्ये बहुधा कृष्णद्रव्याचा रंग टिकतो आणि हा मात्र फिकट पडतो. ज्या रुग्णांसाठी पुस्तिका आहे, त्यांच्याच मेंदूत हा 'नील' उरत नाही!

बांधावरून: मग रंगाचा हट्ट कशाला? हे केंद्र नॉरअॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन मेंदूभर पोहोचवून आपल्याला जागे आणि सावध ठेवते. माझे आजोबा ज्वारीच्या राखणीला रात्री 'जागल' करायला जात, आणि गावात 'जागल्या' असे. 'जागलकेंद्र' म्हटले तर आमच्याकडच्या म्हातारीलाही समजेल.

अस्थिपंजर: शब्द गोड आहे, पण स्वप्ने पडतात त्या झोपेत या पेशी जवळजवळ गप्प होतात. जागल्याच झोपतो, म्हणा ना!

बांधावरून: तुम्ही आमच्या गावचा जागल्या पाहिलेला दिसत नाही. तोही झोपतच असे.

कोशकीटक: कार्यावरून नाव देण्यात धोका असतो. या पेशी नॉरअॅड्रेनॅलिनच्या आहेत, हे डालस्ट्रॉम आणि फुक्से या संशोधकांनी 1964 मध्ये दाखवले, म्हणजे नाव रूढ झाल्यानंतर दीडशे वर्षांनी. पुढे लक्ष, वेदना, ताण, हृदयाची गती अशा अनेक गोष्टींशी त्यांचा संबंध जोडला गेला. शिवाय जागे ठेवण्याचे काम करणारी ही एकटीच जागा नव्हे. प्रत्येक शोधानंतर बारसे करायचे काय?

सांजवात: मला गुरुवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. आधी 'लोकस सेरुलियस' आणि पुढे 'नीलस्थान' असे चालेल का?

बांधावरून: चालेल, पण तुमच्या 'मस्तिष्कस्तंभा'चे काय? खांब जमिनीवर उभा असतो. ही तर मेंदूला खालून धरणारी दांडी आहे. वांग्याला असतो तसा 'देठ' म्हणा.

कोशकीटक: देठाला वांगे लटकते, मेंदू देठावर बसलेला असतो. 'स्तंभ' रूढ आहे, तोच ठेवावा.

अस्थिपंजर: कमळ देठावरच असते.