मग्सी स्पॅनियरचा 'द ग्रेट 16': नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे

तबकडीवाला:
जुन्या जॅझचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, किंग ऑलिव्हर ऐका (1920 च्या दशकातला न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय कॉर्नेटवाला), मग्सी स्पॅनियर वगैरे नंतरच्यांनी नुसती नक्कल मारली. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मग्सी हा शिकागोचा गोरा कॉर्नेटवाला, कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच वाद्य पण आखूड आणि आवाजाला जरा गोल. 1939 मध्ये जुलै ते डिसेंबर त्याच्या रॅगटाइम बँडने ब्लूबर्ड लेबलसाठी 16 गाणी रेकॉर्ड केली, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, तीच पुढे एलपीवर 'द ग्रेट 16' म्हणून आली. तेव्हा सगळीकडे बेनी गुडमनसारख्या मोठ्या स्विंग बँडची चलती, आणि हे सात-आठ जण जुन्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीने वाजवतायत, कॉर्नेट चाल धरणार, क्लॅरिनेट वरून फिरणार, ट्रॉम्बोन खालून भरणार, सगळे एकदम आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही.

'रिलॅक्सिन अ‍ॅट द टूरो' ऐका. 1938 मध्ये अल्सर फुटून हा माणूस न्यू ऑर्लिन्सच्या टूरो इन्फर्मरीत मरता मरता वाचला, त्या हॉस्पिटलचं नाव गाण्याला दिलंय. सुरुवातीला जो बुश्किनचा पियानो, मग संथ ब्लूज, आणि मग्सी कॉर्नेटच्या तोंडावर रबरी प्लंजर धरून वाजवतो, तुंबलेलं बेसिन मोकळं करायला वापरतात तोच, तो उघडझाप करून सूर अक्षरशः बोलायला लावतो. स्वर किती कमी आहेत ते मोजा. उंच चढायची धडपड नाही, पण एकेक स्वर असा नेमक्या जागी पडतो की बँड आपोआप पुढे ढकलला जातो. नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही.

मूळापासून:
टूरोबद्दल वाद नाही, सुंदरच आहे. पण त्याच 16 मधल्या 'डिपरमाउथ ब्लूज'चं काय? ते मुळात ऑलिव्हरचं. एप्रिल 1923, इंडियानातलं रिचमंड, गेनेट कंपनीचा स्टुडिओ, माइक नाहीत, सगळ्यांनी एका कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं. त्यात ऑलिव्हरने प्लंजर घेऊन तीन आवर्तनांचा जो सोलो घेतलाय तो पुढे कॉर्नेट-ट्रंपेटवाल्यांच्या पिढ्यांनी पाठ केला. मग्सीने 1939 मध्ये तोच वाजवला. आणि ऑलिव्हर कुठे होता? एप्रिल 1938 मध्येच जॉर्जियातल्या सव्हानात वारला, दात आणि हिरड्या खराब होऊन वाजवणं सुटलेलं, शेवटी पूल हॉलमध्ये झाडू मारायचं काम करत होता. त्याचा सोलो दीड-दोन वर्षांत दुसऱ्याच्या नावाच्या तबकडीवर येतो आणि आपण त्याला 'ग्रेट' म्हणतो, मला हे खटकतं, खूप खटकतं.

ऐकणारा_कान:
अहो पण मग्सीने ते चोरून नाही घेतलं. पोरवयात तो शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये ऑलिव्हर आणि त्याच्या बँडमधला दुसरा कॉर्नेटवाला लुई आर्मस्ट्राँग यांना समोर बसून ऐकायचा, आयुष्यभर त्यांनाच गुरू मानलं. आपल्याकडे घराण्यातली बंदिश शिष्याने गायली तर तुम्ही नक्कल म्हणाल का?

मूळापासून:
नाही म्हणणार. पण शिष्याला ज्या हॉटेलात वाजवायला मिळतंय तिथे गुरूच्या रंगाच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत सोडतात का, हा प्रश्न घराण्यात येत नाही, 1939 च्या अमेरिकेत येतो. मग्सीला वाईट म्हणत नाहीये मी, पण नवख्याला आधी 1923 च्या तबकड्या ऐकवा एवढंच म्हणणं आहे.

तबकडीवाला:
ऑलिव्हरवर जे झालं त्याचं दुःख मलाही आहे, पण त्याचा हिशोब मग्सीच्या वाजवण्यातून वळता करू नका. त्याचं तरी काय भलं झालं? शिकागोच्या हॉटेल शर्मनमध्ये, न्यू यॉर्कच्या निक्स क्लबमध्ये कामं मिळाली आणि वर्ष संपता संपता बँड मोडला, कारण बुकिंग नव्हती. पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, न्यू ऑर्लिन्सचा अस्सल कृष्णवर्णीय क्लॅरिनेट आणि सोप्रानो सॅक्सवाला सिडनी बेशे त्याच्याबरोबर बिग फोर रेकॉर्ड करतो, गिटार आणि बास सोडले तर हे दोघंच, ड्रम नाहीत, पियानो नाही. तिथे बेशेसारख्या आडदांड वादकासमोर मग्सी चाल सोडत नाही आणि दबतही नाही. नकलाकार असता तर पहिल्या मिनिटात उघडा पडला असता.

आणि नवख्याला 1923 पासून सुरू करायला लावलंत तर तो पळून जाईल. त्या कर्ण्यात ड्रमचा पूर्ण संच पेलत नव्हता, ऑलिव्हरचा ड्रमर बेबी डॉड्स याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. 39 च्या रेकॉर्डिंगमध्ये जॉर्ज ब्रुनीसचा ट्रॉम्बोन आणि रॉडनी क्लेसची क्लॅरिनेट वेगवेगळी ऐकू येतात, कोण काय करतंय ते कळतं. ते कळल्यावर ऑलिव्हरकडे जा, मग खरखरीतूनही दोन कॉर्नेट एकत्र चालतात ते सापडतं.

मूळापासून:
बिग फोरचा मुद्दा मान्य. ड्रमचा नाही. खरखर ऐकायची सवय दोन दिवसांत होते, पण एकदा कान 39 च्या स्वच्छ आवाजाला सोकावला की लोक 1923 कडे वळतच नाहीत, असे कितीतरी बघितलेत. शिवाय तुमच्या 16 मध्ये तो टेनर सॅक्स आहे ना, तो सगळे एकत्र वाजवताना मधली जागा भरून टाकतो, ऑलिव्हरकडे ती जागा मोकळी होती म्हणूनच दुसरा कॉर्नेट आत शिरू शकला.

ऐकणारा_कान:
सॅक्सबद्दल +1. 'अ‍ॅट द जॅझ बँड बॉल' आत्ता परत लावलं, शेवटच्या आवर्तनात खरंच गर्दी होते. पण त्या गर्दीतूनही कॉर्नेट जो वर येतो ना, तेवढ्यासाठी मी तबकडीवाल्यांच्या बाजूने.