चेल्याबिन्स्कची उल्का : पालकांच्या शंकांना काय उत्तर द्यावे?

वाघूरकाठ (जामनेर)

15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर मोठी उल्का फुटली होती. तिच्या चित्रफिती आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुन्हा फिरू लागल्या आहेत आणि त्यांच्याखाली ‘हे क्षेपणास्त्रच होते, सगळ्यांनी मिळून दडवले’ असा मजकूरही येत आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुले चित्रफीत पाहून खूश होतात, शंका विचारतात ते पालक; आणि त्यांतील काही शंका उडवून लावण्यासारख्या नाहीत. पाच-सहा मजली इमारतीएवढा दगड येत असताना एकाही वेधशाळेला तो कसा दिसला नाही? त्याच दिवशी ‘2012 डीए14’ हा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार हे वर्षभर आधी माहीत होते, मग हा त्याचाच तुकडा नव्हता कशावरून? आणि स्फोट एवढा मोठा होता, तर लोणारसारखे विवर का पडले नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आप्पा धुळेकर

ताई, पालकांना दोष देऊ नका. 2 एप्रिल 2022 रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, जळगावपासून विदर्भापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. त्या रात्री जो तो ‘उल्कापात’ म्हणत होता. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे कडे सापडले आणि तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. ज्याला उल्का म्हटले ते यंत्र निघाले, तर रशियातही यंत्रालाच उल्का म्हटले नसेल कशावरून? मी विज्ञानविरोधी नाही, परंतु नुसत्या ‘तज्ज्ञ म्हणतात’ यावर माझे समाधान होत नाही.

तारांगण (भुसावळ)

आप्पांनी दिलेले उदाहरणच इथे कामाला येते, कारण दोन्ही घटनांमधला फरक डोळ्यांनी ओळखता येतो. कक्षेतून खाली येणारा अग्निबाणाचा भाग सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. त्यामुळे त्याचे तुकडे एकामागे एक रांगेत, बराच वेळ, संथपणे सरकताना दिसतात. पाडव्याला आपल्याकडे नेमके हेच दिसले होते. चेल्याबिन्स्कचा पिंड सेकंदाला सुमारे 19 किलोमीटर वेगाने शिरला आणि काही क्षण सूर्यापेक्षाही प्रखर झाला. त्याचा व्यास सुमारे 20 मीटर आणि वजन बारा हजार टनांच्या आसपास होते. एवढे वजन कोणत्याही क्षेपणास्त्राला पेलणारे नाही.

‘दडवले’ या आरोपाबद्दल एवढेच सांगतो, की अणुचाचण्या पकडण्यासाठी जगभर बसवलेल्या, कानाला ऐकू न येणारे ध्वनी टिपणाऱ्या केंद्रांपैकी अनेकांवर हा स्फोट नोंदला गेला आणि त्यांपैकी एक केंद्र अंटार्क्टिकावर होते. त्याची ऊर्जा सुमारे 400 ते 500 किलोटन टीएनटी या स्फोटकाएवढी, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळपास तीसपट निघाली. शिवाय बर्फावर विखुरलेले दगड लोकांनीच गोळा केले आणि ते साध्या कोंड्राइट या दगडी प्रकारचे अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, निघाले. चेबारकुल तलावाच्या गोठलेल्या पृष्ठभागावर सहा-सात मीटरचे भोक पडले होते. तिथून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठा तुकडा बाहेर काढला, तेव्हा वजनकाटा साधारण 570 किलोपर्यंत गेला आणि मोडला.

तो आधी का दिसला नाही, याचे कारण त्याची दिशा. तो सूर्याच्या बाजूने आला आणि जमिनीवरच्या दुर्बिणी रात्रीच्या आकाशातच शोध घेऊ शकतात. याउलट 2008 मध्ये सुदानच्या वाळवंटावर फुटलेला पिंड जेमतेम चार मीटरचा होता, तरीही तो रात्रीच्या बाजूने आल्यामुळे आदळण्याच्या सुमारे 20 तास आधी सापडला होता. म्हणून शोधयंत्रणा निकामी आहे, असा निष्कर्ष मला मान्य नाही. तिची एक बाजू आंधळी आहे, हे मात्र खरे, आणि पालकांनी ते ऐकलेले बरे.

डीए14 विषयीची शंका गणितानेच सुटते. तो स्फोटानंतर सुमारे 16 तासांनी, दक्षिणेकडून उत्तरेकडे, पृथ्वीपासून सुमारे 27,700 किलोमीटरवरून गेला. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते. म्हणजे तेवढ्या वेळात ती सतरा लाख किलोमीटर पुढे सरकली होती, त्यामुळे दोघे तिला भेटले त्या जागाही तेवढ्याच दूर होत्या. कक्षा वेगळ्या, दिशा वेगळ्या. एक दिवस तेवढा समान. योगायोग विलक्षण आहे, यात मात्र शंका नाही.

विवर न पडण्याचे कारण असे, की पिंड सुमारे 18 अंशांच्या तिरक्या कोनात शिरला आणि आतून तडकलेला होता. पुढ्यातल्या हवेचा दाब दगडाच्या ताकदीपेक्षा वाढताच त्याचे तुकडे झाले, तुकड्यांमुळे हवेशी घासणारा पृष्ठभाग एकदम वाढला आणि बहुतेक ऊर्जा जमिनीपासून सुमारे 30 किलोमीटर उंचीवरच बाहेर पडली. लोणारला पिंड जमिनीपर्यंत पोहोचून बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, आदळला, म्हणून तिथे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे.

वाघूरकाठ (जामनेर)

आभारी आहे, दादा. मग एवढ्या उंचीवर फुटूनही दीड हजाराच्या आसपास लोक जखमी कसे झाले? काही चित्रफितींत उजेडानंतर बराच वेळ पूर्ण शांतता आहे, त्यावरूनच एका पालकांनी ‘आवाज मागाहून जोडला आहे’ असे म्हटले.

तारांगण (भुसावळ)

ती शांतता खरी आहे, ताई. आपल्याकडे वीज आधी चमकते आणि गडगडाट नंतर येतो, त्यातलाच हा प्रकार. अंतर जास्त असल्याने शहराच्या मध्यभागी हादरा पोहोचायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. आणि जखमा त्या दोन मिनिटांमुळेच झाल्या. एवढा उजेड कसला, हे पाहायला लोक खिडक्यांशी आले, आणि दाबाची लाट येताच काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सात हजारांहून अधिक इमारतींचे नुकसान झाले. वर्गात एवढे एकच सांगितले तरी पुरे, की आकाशात असामान्य उजेड दिसला तर खिडकीपासून दूर, बाकाखाली जावे आणि निदान पाच मिनिटे बाहेर डोकावू नये. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना खिडक्या लहान असतात. सरकत्या काचांच्या नव्या वर्गखोल्यांची काळजी अधिक घ्यावी लागेल.

आप्पा धुळेकर

आवाजाचे पटले. उल्का आधी न दिसण्याचे पूर्ण पटलेले नाही. जी बाजू दिसत नाही, तिच्याबाबत निर्धास्त कसे राहायचे, हा माझा प्रश्न कायम आहे.

तारांगण (भुसावळ)

निर्धास्त राहा असे मीही म्हणणार नाही, आप्पा. त्यासाठी अवकाशातूनच पाहणारी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण टिपणारी) दुर्बीण लागते, आणि तशी एक दुर्बीण नासा तयार करत आहे.

नाना (रावेर)

एक गोष्ट राहिली. असे काही गाजले, की आमच्याकडे बांधावरचा प्रत्येक काळा दगड ‘आकाशातला’ ठरतो आणि त्याचे भाव सांगणारे फोन सुरू होतात. खान्देशची जमीनच काळ्या पाषाणाची. त्यात लोहचुंबक लावून पाहिला, तर आपल्या साध्या दगडालाही तो थोडा चिकटतो, कारण त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. मी आधी भोके पाहतो. आपल्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात, कधी त्यांत पांढरे स्फटिकही भरलेले दिसतात. अशनीत अशी भोके सहसा नसतात. त्यावर नखाएवढ्याही जाडीचे नसलेले काळे, जळके कवच असते आणि कोपरा तुटला असेल तर आत फिकट करडा रंग दिसतो. तसा दगड खरेच मिळाला, तर तो धुऊ नये, कानशीने घासू नये, कोरड्या पिशवीत ठेवावा, जागेचा फोटो काढावा आणि तहसील कार्यालयाला कळवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे अशनींचा संग्रह आहे, तपासणी तिथे होते. फोनवर भाव सांगणाऱ्याला मात्र आगाऊ रक्कम देऊ नये.