क्राबीची बेटे छोट्या गटाच्या होडीने पाहायची आहेत; पोहता न येणाऱ्यांनी कोणती सहल निवडावी?

प्रश्न

नमस्कार. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून आम्ही चौघे थायलंडमधील क्राबी येथे पाच दिवस राहणार असून मुक्काम आओ नांगच्या किनाऱ्याजवळ आहे. आमच्यापैकी माझे पती गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले आहेत, अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून तरणतलावात जाते, मला पोहता येत नाही आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाईंनी आजवर समुद्रात गुडघ्यापलीकडे पाऊल टाकलेले नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गुडघेही थोडे दुखतात; परंतु ‘मी खोलीत बसून राहणार नाही’ असे त्यांनी आधीच बजावले आहे.

माहिती शोधताना ‘चार बेटे’, ‘सात बेटे’, ‘हाँग बेटे’ आणि ‘फी फी बेटे’ अशा चार प्रकारच्या एकदिवसीय सहली समोर आल्या. प्रत्येकीत स्नॉर्केलिंग (मास्क व नळी लावून पाण्यावर तरंगत मासे पाहणे) आहे, प्रत्येकीत ‘छोटा गट’ असे लिहिलेले आहे, आणि छायाचित्रे तर सगळ्यांची सारखीच दिसतात. बेटे जितकी अधिक तितकी सहल चांगली, असे समजावे का? पोहता न येणाऱ्या व्यक्तीने स्नॉर्केलिंग करणे कितपत शहाणपणाचे आहे? सासूबाईंना सोबत न्यावे की त्यांच्यासाठी वेगळा बेत आखावा? ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी क्राबीला दोनदा गेलो. पहिल्या खेपेस बेटांची संख्या पाहून सहल निवडली आणि फसलो, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे देतो. त्या सहलीत जाहिरातीतला ‘छोटा गट’ प्रत्यक्षात अडतीस जणांचा निघाला. प्रत्येक बेटावर उतरणे, चढणे, मोजणी करणे आणि राहिलेल्या दोघांना हाका मारणे यातच दिवस गेला, आणि पाण्यात मिळाली ती जेमतेम वीस मिनिटे. नोंदणी करण्यापूर्वी ‘एका होडीत जास्तीत जास्त किती प्रवासी’ हा आकडा लेखी विचारून घ्यावा, कारण ‘छोटा’ या शब्दाला तेथे काहीच माप नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही सहा जणांनी मिळून एक लाँगटेल होडीच दिवसभरासाठी ठरवली. आओ नांगच्या किनाऱ्यावर होडीवाल्यांच्या तिकीटखिडक्या आहेत आणि तेथे अर्ध्या व पूर्ण दिवसाचे दर फलकावर लिहिलेले असतात, त्यामुळे घासाघीस करण्याचा प्रश्न फारसा येत नाही. ही होडी लाकडी असते. मागे मोटारीचे इंजिन आणि त्याला जोडलेल्या लांब दांड्याच्या टोकाशी पंखा असतो, जो उथळ पाणी आले की तांडेल (होडी चालवणारा) सहज वर उचलतो. होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, रंगीबेरंगी फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या दिसतील. होडीत वास करणाऱ्या देवतेचा तो मान आहे, तेव्हा त्या नाळेवर पाय देऊन छायाचित्र काढू नये. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या सजतात तशीच भावना असावी, असे मला तरी वाटले.

लाँगटेल संथ चालते आणि इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, हे खरे. परंतु ‘चार बेटां’च्या अंतरासाठी ती पुरेशी आहे. फ्रा नांगचा गुहेजवळचा किनारा, कोंबडीच्या मानेसारखा सुळका असलेले ‘चिकन’ बेट, तूप आणि पोडा ही ठिकाणे आओ नांगपासून जवळ आहेत. एवढ्या अंतरात सासूबाईंना त्रास होऊ नये. फी फी मात्र सुमारे चाळीस किलोमीटर दूर आहे आणि तेथे एकदिवसीय सहली बहुधा स्पीडबोटीने जातात. स्पीडबोटीचा पुढचा भाग लाटांवर सारखा आदळतो, त्यामुळे पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी पुढे बसण्याचा मोह टाळून मागच्या बाकावर बसावे. तरुण मंडळी ‘हवा छान लागते’ म्हणून पुढची जागा पटकावतात, ती त्यांना खुशाल द्यावी.

प्रतिसाद २

माझे बालपण मालवणजवळ गेले आणि गेली काही वर्षे मी स्नॉर्केलिंग शिकवतो. क्राबीलाही जाऊन आलो आहे. सहल कोणती हा प्रश्न नंतरचा. आधी तिथी पाहा.

तूप, मोर आणि चिकन या बेटांच्या मध्ये ओहोटीच्या वेळी वाळूचा दांडा उघडा पडतो आणि माणसे एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जातात. ‘थाले वाएक’, म्हणजे दुभंगलेला समुद्र, असे त्याचे थाई नाव आहे. जाहिरातीतील सर्व छायाचित्रे या दांड्याची असतात. मात्र तो दररोज आणि दिवसभर दिसत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे सुमारे पाच दिवस उधाणाची भरती-ओहोटी असते, तेव्हा ओहोटीला पाणी खूप खाली जाते आणि दांडा स्वच्छ दिसतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी फारसे वर चढत नाही आणि फारसे खालीही उतरत नाही, म्हणून दांडा कमी दिसतो किंवा दिसतच नाही. हाँग बेटाचे नेमके उलटे आहे. तेथील चुनखडीच्या कड्यांनी वेढलेल्या लगूनमध्ये (समुद्राच्या उथळ, बंदिस्त पाण्यात) अरुंद फटीतून शिरावे लागते, आणि ओहोटीला पाणी इतके उथळ होते की होडी आत जाऊ शकत नाही. म्हणजे ज्या घटकेला एक ठिकाण उत्तम, त्या घटकेला दुसरे निरुपयोगी.

आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; उदाहरणार्थ चतुर्थीला तीन वाजता. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, तो क्राबीला जसाच्या तसा लावू नये. तेथील भरती-ओहोटीचे वेळापत्रक वेगळे पाहावे लागते. मात्र वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. वेळापत्रक पाहून त्यानुसार होडी सोडायला सांगणे, हाच स्वतंत्र होडी ठरवण्याचा खरा फायदा आहे. मोठ्या सहलीचा क्रम आधीच ठरलेला असतो.

आता स्नॉर्केलिंगविषयी. पोहता न येणाऱ्या व्यक्तीला ते करता येते, परंतु अंगात नीट बांधलेले लाइफ जॅकेट, छातीपर्यंतचे पाणी आणि हाताच्या अंतरावर सोबती या तिन्ही गोष्टी असतील तरच. लोकांना भीती पाण्याची वाटते. प्रत्यक्षात गोंधळ होतो तो श्वासाचा. नाक मास्कमध्ये बंद असते आणि तोंडाने श्वास घ्यायचा असतो. ही सवय नसल्यामुळे माणूस धापा टाकू लागतो, मग नळीत पाणी शिरते आणि तो घाबरून मास्कच ओढून काढतो. याचा सराव घरी करता येतो. मास्क-नळी लावून दहा मिनिटे खुर्चीवर बसून दूरचित्रवाणी पाहावी, मग बादलीत तोंड बुडवून पाहावे. हसू येईल, पण शिकाऊ मंडळींपैकी ज्यांनी हे केले ती पाण्यात शांत राहतात, असा माझा अनुभव आहे. मास्क चेहऱ्याला बसतो की नाही हे पट्टा न लावता तपासावे: चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढला की तो आपोआप चिकटून राहिला पाहिजे. आपल्या पतींना भरघोस मिशी असेल तर तेथून पाणी झिरपणारच, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

विहिरीत आणि तलावात पोहणाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. तेथे पाणी स्थिर असते. समुद्रात खाली मासे पाहता पाहता प्रवाह आपल्याला होडीपासून कधी दूर नेतो हे कळत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी मान वर काढून होडी पाहावी आणि सुरुवातीला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परतणे सोपे होते. मुलीलाही लाइफ जॅकेट घालावे, ती कितीही नाही म्हणाली तरी.

प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. शिवाय त्याने कापलेली जखम लवकर भरत नाही, आणि आसपास लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन नावाचे समुद्री प्राणी बसलेले असतात. माशांना पाव टाकू नये, त्यास तेथे मनाई आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटसह चार रसायने असलेले सनस्क्रीन २०२१ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत वापरता येत नाही. दंड एक लाख बाटपर्यंत (बाट हे थाई चलन) होऊ शकतो. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घेतला तर पाठीला सनस्क्रीन लावण्याची गरजच उरत नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत. तरीही एवढ्या दूर जाऊन फी फी वगळणे मला पटत नाही. माया बे हा उपसागर मी पाहिला आहे आणि तसे कडे, तसा पाण्याचा रंग ‘चार बेटां’त नाही. मात्र अपेक्षा नीट ठेवून जावे. एका हॉलिवूड चित्रपटामुळे प्रसिद्ध झालेला हा किनारा गर्दीने प्रवाळ नष्ट झाल्यामुळे २०१८ च्या जूनमध्ये बंद करण्यात आला आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला. आता होड्या समोरून आत येत नाहीत. बेटाच्या मागील बाजूस उतरून चालत जावे लागते. पाण्यात पोहण्यास मनाई आहे, फार तर पाय बुडवता येतात. दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तो विश्रांतीसाठी बंद असतो. काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क मासे आता किनाऱ्याजवळ परतले आहेत. मला पहाटेच्या होडीने गेल्यामुळे ते दिसले, दहानंतर पोहोचणाऱ्यांना बहुधा माणसेच दिसतात. परदेशी प्रौढांसाठी उद्यानाचे प्रवेशशुल्क ४०० बाट आहे आणि ते सहलीच्या दरात धरलेले आहे की नाही, हे आधी विचारावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅलेंडर पाहिले असता आम्ही पोहोचतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा असल्याचे आढळले, त्यामुळे वाळूचा दांडा मिळण्याची आशा आहे. अडचण एवढीच की पुढे मुक्कामातच संकष्टी येते आणि सासूबाई उपवास मोडायला तयार नाहीत. एरवीही त्या मांसाहार करीत नाहीत. सहलीतील जेवणाचे काय होते? आणि फी फीची सहल पती व मुलगी दोघेच करतील, असा विचार चालू आहे.

प्रतिसाद २

मग पौर्णिमेनंतरची प्रतिपदा किंवा द्वितीया होडीसाठी ठेवा. सर्वात खोल ओहोटी पौर्णिमेच्या दिवशी नसून एक-दोन दिवस उशिरा येते, आणि संकष्टीही टळते. संकष्टीच्या दिवशी हॉटेलातच थांबून फळांवर भागवणे सोपे आहे. चंद्रोदयाची वेळ मात्र नाशिक-पुण्याची धरू नका, तेथील पाहा.

प्रतिसाद ४

मी माझ्या सत्तरीच्या आईला याच सहलीला नेले होते, म्हणून जेवण आणि गुडघे या दोनच गोष्टींविषयी लिहिते.

‘व्हेजिटेरियन’ असे सांगितले तरी भाजीत माशांपासून केलेला खारट रस (फिश सॉस) पडू शकतो, कारण थाई स्वयंपाकात त्याला मीठच समजतात. त्याऐवजी ‘जे’ असे सांगावे. हा तेथील धार्मिक शाकाहार असून त्यात मांस, मासे, अंडी चालत नाहीत आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आपल्या घरातल्या चातुर्मासाची आठवण होते. तरीही होडीवर घरचे ठेपले किंवा दशम्या, केळी आणि लिंबू-सरबताची बाटली जवळ ठेवावी. मळमळीची गोळी घ्यायची असेल तर होडीत बसण्यापूर्वी तासभर घ्यावी. होडी हलू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे ती गोळी आणि स्नॉर्केलिंग या दोन्हींविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारलेले बरे, कारण नळीतून श्वास घेण्यास नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो.

खरी कसोटी शिडीची आहे. बहुतेक ठिकाणी धक्का नसतो. होडी किनाऱ्याशी थांबते आणि हलत्या शिडीवरून गुडघाभर, कधी कमरेइतक्या पाण्यात उतरावे लागते. हे एका दिवसात आठ-दहा वेळा करणे म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. मी तांडेलाला सांगून फक्त दोन ठिकाणी आईला उतरवले. उतरताना तोंड होडीकडे ठेवायचे, खाली एकाने उभे राहायचे आणि पिशव्या आधी देऊन टाकायच्या. साडी किंवा सुती सलवार पाण्यात जड होते, म्हणून तिला पटकन वाळणारी पँट आणि टाचेला पट्टा असलेल्या रबरी चपला दिल्या होत्या. पोडाच्या किनाऱ्यावर झाडांखाली सावली भरपूर आहे. तेथे ती लाइफ जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात बसली, आणि मास्क न लावता नुसता पाण्यात धरून तिने पायाजवळचे पट्टेदार मासे पाहिले. परत निघायची वेळ झाली तेव्हा तीच सर्वात शेवटी होडीत चढली.