आखाजीला माहेरी जायचंय, सासूबाईंना कोणाच्या भरवशावर सोडू?

अमळनेरची सून
आमच्या सासूबाईंना अल्झायमर आहे. वय ७८. आम्ही त्यांना बाई म्हणतो. दिवस कसाही निघतो, पण दिवेलागण झाली की त्या पदर सावरून उठतात आणि दाराची कडी काढायला बघतात. "माले घर जावानं शे." बसलेल्या असतात स्वतःच्याच घरात. रात्रीही उठतात, म्हणून मी त्यांच्याच खोलीत झोपते, पण झोप म्हणावी अशी होत नाही. परवा गावातल्या आशा सेविका ताईंनी सहज बीपी बघितलं तर माझंच वाढलेलं.

हे शेतातून दमून येतात. बाईंची आंघोळ, लुगडं बदलणं हे सुनेनंच करायचं, असं घरात सगळे धरून चालतात. नणंदा दोन, एक नाशिकला, एक सुरतेला. दोघी मायाळू आहेत. फोनवर म्हणतात, "वहिनी, काही लागलं तर सांग हं." मला चार रात्रींची झोप हवी आहे, हे कोणत्या तोंडानं सांगू?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरपणाला इथे येतात, आणि माझं माहेर मात्र राहून जातं. आई वाट बघते. यंदा जायचंच आहे. ज्यांनी घरी सांभाळलंय त्यांनी सांगा, कसं जमवलं?

भुसावळ, निवृत्त रेल्वे
ताई, नणंदा येणारच आहेत ना? मग तेच दिवस तुमचे. "काही लागलं तर सांग" याला तारखेनं उत्तर द्या. माझ्या बायकोच्या आजारपणात मुलाला "ये कधीतरी" म्हणत होतो, तोवर तो आला नाही. "महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार तुझा" असं ठरवल्यावर चुकला नाही.

बाईंना दुसरीकडे हलवू नका, नव्या जागी गोंधळ वाढतो. नणंदेला एक दिवस आधी बोलवा आणि तुमच्यासमोर एक आंघोळ तिच्या हातून होऊ द्या. पाणी आधी पायांवर, मग हातांवर. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की आमची ही घाबरून मारायला उठायची. टॉवेल हातात धरायला दिला की शांत बसायची. हे असलं सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. औषधांच्या वेळा तर लिहाच, पण चहा बशीत लागतो की कपात, तेही लिहा.

आणि रात्र मिस्टरांनी घ्यावी. रोज नाही जमणार, पण आठवड्यातून दोन तरी घ्याव्यात. लुगडं अवघड जात असेल तर पुढून बटणं असलेला गाऊन घाला. लेकाला आईचं करता येत नाही, हे मी मानत नाही. मी बायकोचं सगळं केलंय.

धुळ्याची सिस्टर
बाईंचं रात्रीचं उठणं अलीकडेच वाढलं असेल तर आधी लघवी तपासून घ्या. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठलं तरी दुखणं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, यातल्या कशानंही अशा रुग्णांचा गोंधळ एकाएकी वाढतो, आणि घरचे समजतात आजार पुढे गेला. झोपेची गोळी मनानं देऊ नका, तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

संध्याकाळचं "घरी जायचं" बऱ्याच रुग्णांत दिसतं. अंधारायच्या आधीच सगळे दिवे लावा, दुपारची लांब झोप आणि चारनंतरचा चहा कमी करा. "हेच तुमचं घर" असं पटवत बसू नका. "घरी म्हशी किती होत्या?" असं विचारा, त्या बोलत बसतील.

तुमचं बीपी मात्र डॉक्टरांना दाखवाच. मन फारच थकलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावा. सरकारी आहे, मोफत, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठीच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसपोर्ट' या शिकवणीत पाच भाग आहेत, त्यातला एक अख्खा भाग सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या तब्येतीवर आहे. ते उगाच नाही ठेवलेलं.

नाशिकला दिलेली लेक
मी नणंदेच्या बाजूनं सांगते. असे रुग्ण फोनवर दहा मिनिटं अगदी छान बोलतात. दूरच्या लेकीला वाटतं, आई बरी आहे, वहिनी उगाच घाबरते. तुम्ही दुपारी फोन देऊ नका. दिवेलागणीला व्हिडिओ कॉल लावा, कडीशी उभ्या असतील तेव्हा. वेगळं काही सांगावं लागणार नाही.

अमळनेरची सून
सगळ्यांचे आभार. काल कॉल लावला. सुरतच्या ताई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "मी दोन दिवस आधी येते." लघवी तपासायला दिली आहे. ह्यांनी शनिवारची रात्र घेतली, आता बुधवारचंही ठरवतोय.

एकच विचारायचंय. जाताना बाईंना सांगून जाऊ की गुपचूप निघू?

धुळ्याची सिस्टर
सांगून जा, पण निघतानाच. आदल्या दिवशी सांगितलं तर दिवसभर तेच विचारत राहतील, आणि गुपचूप गेलात तर शोधत दाराशी जातील. "आईकडे जाऊन येते, ताई जवळ आहे", एवढंच पुरे. निघायची वेळ सकाळची ठेवा, संध्याकाळची नको. आणि त्याआधी त्यांच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडायला ठेवा, नणंदेलाही शेजारी बसवा. शेंगेतला एकही दाणा तोंडात अडकणार नाही एवढं तिला बघायला सांगा.