मदत हवी आहे: 1954 सालाला शोभतील अशा स्वस्त एचओ मॉडेल वाघिणी (मालडबे) कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार मंडळी,

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (1:87) अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीची एक कोळशाची शाखा उभारतेय. साल 1954, दिवस पानगळीचे. हे साल मुद्दाम धरलंय. या कंपनीची वाफेची इंजिनं 1957 पर्यंत चालू होती, त्यामुळे वाफ आणि डिझेल एकाच यार्डात खुशाल उभी करता येतात. रूळ टाकून झालेत, इंजिनंही आहेत. गाडी अडलीय ती वाघिणींपाशी. लागणार आहेत भरपूर, आणि हल्लीच्या तयार, वेगळ्या बसवलेल्या शिड्या-दांड्यांच्या सुरेख वाघिणी घ्यायच्या म्हटलं तर दोन-तीनमध्येच बजेट संपतं.

म्हणून वापरलेल्या वाघिणींचे गठ्ठे बघतेय. विकणारे सरसकट 'वाफेच्या काळातल्या' असं लिहून मोकळे होतात आणि तिथेच घोळ होतो. नुकताच एक गठ्ठा घेतला. त्यातली विटकरी रंगाची चाळीस फुटी बॉक्सकार (बंद मालडबा) पाहून जीव हरखला होता. मग भिंग लावलं. उजव्या टोकाला, मापांच्या ओळींखाली, तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत 'बीएलटी 5-62', म्हणजे बांधणी मे 1962. म्हणजे माझ्या गाडीनंतर आठ वर्षांनी बांधलेली! दुसरीच्या छपरावर चालायची फळीच नाही. नव्या बॉक्सकारवरच्या त्या फळ्या 1966 पासून बंद झाल्या, त्याआधी छप्पर असं मोकळं दिसायचं नाही. तिसरी बिअरच्या जाहिरातीची रंगीत रीफर (थंड मालाचा डबा). दिसते झकास, पण तशा जाहिरातींवर 1934 मध्येच बंदी आली आणि 1937 पर्यंत त्या गाड्यांतून गेल्याही. पेन सेंट्रलच्या नावाची निघाली तिच्याबद्दल तर बोलायलाच नको, ती कंपनीच 1968 ची.

काय बदलता येतं आणि काय नाही, याचा माझा अंदाज सांगते, चुकत असेल तर सुधारा. डबे जोडणारे जुने हॉर्न-हुक कपलर काढून केडी कंपनीचे बसवता येतात. प्लास्टिकची चाकं काढून धातूची घालता येतात. रोलर बेअरिंगच्या बोग्या असतील तर त्या जागी साध्या बेअरिंगच्या. वजन एनएमआरएच्या (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) शिफारशीप्रमाणे, म्हणजे एक औंस अधिक दर इंचाला अर्धा. सहा इंची वाघिणीला चार औंस, साधारण 113 ग्रॅम. वाघीण उलटी करून ब्रेकही बघते. जुन्या के-ब्रेकची टाकी आणि सिलिंडर एकत्र जोडलेले असतात, त्यानंतर आलेल्या एबी ब्रेकचे तीन भाग सुटे दिसतात. 1954 मध्ये एका कंपनीकडून दुसरीकडे जाणाऱ्या वाघिणीला एबीच हवा, आणि तेवढे तीन तुकडे चिकटवणं जमण्यासारखं आहे. पण डब्याची उंची, दाराची रुंदी, टोकाच्या पत्र्यावरच्या घड्या या गोष्टी चुकल्या तर चुकल्या. त्यामुळे पैसे फक्त बरोबर सांगाड्यावर घालायचे असं ठरवलंय.

कोळशाच्या हॉपर (उघड्या वाघिणी) बहुतेक घरच्याच, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्याच लागतील, तिथे बाउझर कंपनीच्या जीएलए आणि एच21 या हॉपरच्या किटवर माझी नजर आहे. खरा पेच बॉक्सकारचा. त्या देशभर फिरायच्या, म्हणून घरच्या थोड्या आणि परक्या जास्त हव्यात. न्यू यॉर्क सेंट्रलचा ताफा प्रचंड होता, तेव्हा तिच्या दोन-तीन तरी हव्यातच. बाकीच्या कोणत्या?

अ‍ॅथर्न कंपनीची निळ्या खोक्यातली चाळीस फुटी बॉक्सकार सगळ्यात सहज मिळते. तिची दार धरून ठेवणारी जाड नखं मला खुपतात. ती तासून दार पुन्हा बसवलेलं कुणी पाहिलंय का, की त्यापेक्षा अ‍ॅक्युरेलचं किटच घ्यावं? अ‍ॅक्युरेलच्याही दांड्या अंगातच ओतलेल्या आहेत, पण तीन फुटांवरून ते चालेल असं मला वाटतं. लाकडी अंगाच्या, बाहेरून लोखंडी तिरप्या पट्ट्या असलेल्या बॉक्सकार 1954 च्या गाडीत किती असाव्यात? मला त्या फार आवडतात, पण आवडीपोटी गाडी म्हातारी दिसायला नको.

आणि त्या 'बीएलटी 5-62'चं काय करू? सांगाडा चांगला आहे, टाकवत नाही. खालचा रंग न दुखवता फक्त तारीख पुसून नवी डेकल (पाण्याने चिकटणारी छापील अक्षरं) लावणं कुणी केलं असेल तर कोणतं द्रावण वापरलं ते सांगा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन बसायची तयारी आहे, पण आधी तुमचा अनुभव हवाय. गठ्ठ्यातल्या उरलेल्या वाघिणींचे दोन्ही बाजूंचे आणि पोटाचे फोटो खाली टाकते. कोणती ठेवू आणि कोणती कुणाला देऊन टाकू, तेही बघून सांगा.